प्लग कुणी काढायचा?

सोलापूरच्या नवी पेठेत दादाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. थोरल्या वहिनी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. घरात मोटार एकच, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. ती दोघंही चालवतात. अलीकडे ती चढावर अडखळायला लागली, मिसिंग करायला लागली. प्लग बदलायला झालेत, यावर दोघांचं एकमत होतं. ते कुणी बदलायचे यावर मात्र दुकानाच्या गादीवर, दुपारी गिऱ्हाईक थंडावल्यावर, चांगलाच वाद झाला. मी मध्ये पडलो नाही. गाडी असलेल्या कुणालाही त्यातून काही घेण्यासारखं आहे, म्हणून तो इथे मांडतो.

दादा : वहिनी, मी चादर विकतो, माग चालवत नाही. ज्याचं काम त्यानं करावं, यात कमीपणा कसला? आपला मिस्त्री उभी हयात तेच करतोय. चार प्लगांची मजुरी तीन-चारशे घेईल. तेवढ्यासाठी तुम्ही रविवार घालवणार, हात काळे करणार?

वहिनी : माग चालवत नाही, खरं. पण चादर चिमटीत धरली की वीण घट्ट आहे की विरळ, ते सांगता की नाही? पानिपतचा माल सोलापुरी म्हणून कुणी खपवायला आला, तर पायरीवरूनच परत पाठवता. माझं म्हणणं तेवढंच आहे, भाऊजी. मला मिस्त्री व्हायचं नाही. मिस्त्री काय करतो ते मला कळलं पाहिजे.

दादा : कळायला गाडीची पुस्तिका आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. त्यासाठी पाना कशाला उचलायचा?

वहिनी : प्लग हातात घेऊन उजेडात धरला की सिलिंडरच्या आत काय चाललंय ते दिसतं. एरवी ते दिसायला दुसरी सोपी वाट नाही. प्लगच्या आतल्या टोकाची चिनी माती बिस्किटाच्या रंगाची असेल, तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळं आणि तेलकट असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिलं गेलीत, ऑइल जळतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल, तर आत ताप जास्त आहे. आणि गॅरेजमध्ये काय होतं? गाडी आत, आपण बाहेर बाकड्यावर. अर्ध्या तासानं किल्ली हातात येते आणि जुने प्लग भंगाराच्या डब्यात जातात. मजुरीचं सोडा, पण इंजिनचा अहवाल न वाचताच आपण घरी येतो.

दादा : अहवाल वाचायला डोळा लागतो. काळेपणा काजळीचा की तेलाचा, हे तुम्ही एकदा बघून ठरवणार? मिस्त्रीच्या हाताखालून किती प्लग गेलेत! शिवाय तो सुटा प्लग बघत नाही, चारही ओळीनं मांडतो. चारही सारखेच काळे, तर दोष मिश्रणाचा, म्हणजे सगळ्या इंजिनचा. एकच काळा, तर दोष त्या सिलिंडरचा. मग तो दोन सिलिंडरच्या कॉइली आपसात बदलून बघतो. मिसिंग कॉइलीबरोबर सरकलं, की कॉइल गेलेली. नाही सरकलं, तर प्लग नाहीतर इंजेक्टर. तुम्ही मात्र चार नवे प्लग आवळून मोकळ्या व्हाल आणि गाडी होती तशीच अडखळत राहील.

वहिनी : कॉइल बदलून बघायची युक्ती मलाही जमेल. शिवाय स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड उमटतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या.

दादा : कोड कुठल्या सिलिंडरमध्ये ते सांगतो. कशामुळे ते सांगतो का?

वहिनी : नाही सांगत, मान्य. ते विचार करूनच काढावं लागतं. आता आपली गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते आणि चढावरच का अडखळते, ते बघा. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल वीस-तीस हजारांवर नेते, तेव्हा कुठे प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. ही फट नव्या प्लगमध्ये ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एक प्लग सेकंदाला २५ वेळा पेटतो. दर ठिणगी धातूचा कण नेते, टोक झिजतं, फट रुंदावते. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो. जितका दाब जास्त, तितकं ठिणगीला उडी मारणं अवघड. म्हणून झिजलेला प्लग सपाटीवर निभावून नेतो आणि चढावर उघडा पडतो.

दादा : हे मिस्त्रीनं मला एका वाक्यात सांगितलं होतं : 'लोडवर मिसिंग म्हणजे आधी प्लग बघायचे.' आणि पुढचंही सांगितलं होतं. असंच रेटत राहिलं, तर जास्तीचा व्होल्टेज देऊन देऊन कॉइल मरते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. त्या दोन्हींपुढे प्लगची किंमत म्हणजे चिल्लर. सीएनजीच्या गाडीत तर हे आणखी लवकर होतं, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जोर जास्त लागतो. तुमचं फिजिक्स आणि त्याचा अनुभव एकाच ठिकाणी पोचलेत की.

वहिनी : पोचलेत. पण तो अनुभव त्याला हातात पाना धरूनच मिळालाय ना? माझ्या वडिलांची फियाट होती. महिन्यातून एखाद्या रविवारी ते चारही प्लग काढायचे, पॉलिश पेपरनं टोकं घासायचे, हॅकसॉ ब्लेडचं पातं घालून फट तपासायचे. डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढून पॉइंट साफ करायचे. ते पोस्टात कारकून होते, मेकॅनिक नव्हते. त्या काळात गाडी ठेवायची, तर एवढं येणं गृहीतच होतं.

दादा : त्या फियाटची कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. १८८२ साली इथेच जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा असायची, प्लग समोर बाजूला दिसायचे. आताचं बॉनेट उघडून बघा. वर प्लॅस्टिकचं झाकण, त्याखाली कॉइली, कॉइलींखाली वीतभर खोल विहिरी आणि तळाशी प्लग. काही गाड्यांत तर आधी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. २००३ सालच्या होंडा सिटीत चार सिलिंडरना आठ प्लग होते. तुमच्या वडिलांची रविवारची हौस त्या इंजिनावर चालली असती. या इंजिनावर नाही चालणार.

वहिनी : उलट काम कमी झालंय. पॉइंट गेले, डिस्ट्रीब्युटर गेला, कार्बोरेटर गेला. साधा निकेलचा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा लाखाच्या आसपास. म्हणजे वर्षानुवर्षांतून एकदा हात लावायचा. आणि त्या विहिरी म्हणता ना, बहुतेक नव्या इंजिनांत त्यांच्या दोन बाजूंना दोन कॅमशाफ्ट फिरत असतात. असले कॅमशाफ्ट आपल्या गावात बनतात. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून सोलापुरात ते बनवते आणि जगातल्या मोटार कंपन्यांना पाठवते. गाव इंजिनचं काळीज घडवतं आणि गावातला गाडीवाला बॉनेट उघडायला घाबरतो!

दादा : घाबरतो ते उगाच नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग लोखंडाचा. पहिले दोन आटे वाकडे चढले आणि तुम्ही पान्यानं जोर लावला, की हेडचे आटे गेले. मग आत बुश बसवायचा किंवा हेलिकॉइल घालायची, नाहीतर हेडच उतरवायचं. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचं काम. मिस्त्रीच्या हातून आटे गेले, तर तो निस्तरतो, बिल त्याच्या माथी. तुमच्या हातून गेले, तर? मी मजुरी पाना फिरवायची देत नाही, वहिनी. ती जोखीम त्याच्या खांद्यावर टाकायची देतो.

वहिनी : हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. म्हणून मी तो सगळ्यात आधी सोडवलाय. एक, इंजिन पूर्ण गार. उन्हाळ्यात संध्याकाळी गाडी लावली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावायचा. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढला, की आटे ओरबाडून येतात. दोन, प्लग सैल करण्याआधी विहिरीत हवा मारायची, नाहीतर तळाशी साठलेली धूळ सरळ सिलिंडरमध्ये पडते. तीन, एका वेळी एकच सिलिंडर. जुन्या गाडीत वायरी असतील, तर त्यांची अदलाबदल होत नाही. चार, नवा प्लग हातानं चढवायचा. हात पोचत नसेल, तर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवायचा आणि ती नळी फिरवायची. आटा वाकडा लागला, तर नळी घसरते. ती आटे बिघडवूच शकत नाही.

दादा : आणि आवळायचा किती? इथेच सगळे चुकतात. गडी कचकचून आवळतो, वाटतं निघून येईल.

वहिनी : टॉर्क पाना असेल, तर आकडा सरळ आहे. १४ मिलिमीटरचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०. पण आधी आपल्या गाडीची पुस्तिका. टॉर्क पाना नसेल, तर वॉशरचा नवा प्लग हातानं तळाला टेकेपर्यंत घ्यायचा आणि मग अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. त्यानं वॉशर दाबला जातो. तोच प्लग काढून परत बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. हे नीट केलं, की आटे सुरक्षित.

दादा : तुम्ही नीट कराल. तुम्ही वही काढून आकडे लिहिता. पण तुमचं बघून करणारा शेजारी? त्याला वाटणार, वहिनींना जमलं तर मला का नाही. आमच्या गल्लीत एकानं इरिडियमच्या प्लगांना पॉलिश पेपर मारला. जुन्या माणसांनी तसंच शिकवलं होतं म्हणे. टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, वर महागड्या धातूचा तुकडा. घासला, संपला.

वहिनी : मग त्याला सांगायला हवं, की इरिडियम २,४०० अंशांच्या वर वितळतो. म्हणूनच टोक इतकं बारीक ठेवता येतं आणि तरी टिकतं. ते घासायचं नसतं, फट वाकवून जुळवायची नसते. न कळता हातानं करणं आणि न कळता पैसे देणं, दोन्ही महागात पडतं. दुसऱ्या चुकीचं नुकसान उशिरा दिसतं, इतकाच फरक.

दादा : उशिरा कसं?

वहिनी : प्लगच्या खरेदीचंच बघा. काउंटरवर जाऊन नुसतं 'मायको प्लग द्या' म्हणणारे अजून आहेत. मायको म्हणजे १९५१ मध्ये बंगळुरूत निघालेली कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश आहे, पण आपल्या तोंडी मायकोच. आता गंमत ऐका. एनजीकेच्या प्लगवर उष्णतेचा आकडा जेवढा मोठा, तेवढा प्लग 'थंड', म्हणजे ताप लवकर बाहेर टाकणारा. बॉशचं बरोबर उलटं, आकडा मोठा तर प्लग 'गरम'. एकाचा नंबर दुसऱ्याला लावून प्लग घातला, तर गाडी चालू होते, फिरते, तक्रार नसते. मात्र प्लग फार थंड असेल तर काजळतो, फार गरम असेल तर इंजिन ठोके द्यायला लागतं. ते कळायला महिने जातात. बसवणाऱ्यानं चुकीचा घातला, तर तुम्हाला कधी कळणार?

दादा : चांगल्या दुकानदाराकडे गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं, की तो यादी बघून देतो. आणि डुप्लिकेट माल ओळखायचा, तर ते मिस्त्रीलाच जमतं. खोका तोच, छाप तोच. आत मात्र चिनी मातीवरची अक्षरं बोटानं पुसली जातात, खालचं टोक जरा तिरकं बसवलेलं असतं.

वहिनी : बघा की, तुम्हालाच ठाऊक आहे ते. चादरीवरून शिकलात.

दादा : मिस्त्रीनं दाखवलं म्हणून ठाऊक आहे. बरं, वॉरंटीचं काय? गाडीला घरी हात लावला, की सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, वॉरंटी गेली.

वहिनी : सरसकट असं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची अवजारं त्या बाहेरच्या बाजाराला मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाचं पुढे अपिलात गेलं. पण आयोगानं तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं की, बाहेर काम करून घेतलं एवढ्या कारणानं सगळी वॉरंटी रद्द करायची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत.

दादा : कागदावर सगळं असतं. काउंटरवरच्या पोराशी तुम्ही आयोगाचा आदेश घेऊन भांडणार का? वॉरंटीत गाडी असेपर्यंत सर्व्हिस सेंटरच बरं. प्लगचं बिल तर नेहमीच जपून ठेवायचं.

वहिनी : वॉरंटीतल्या गाडीपुरतं मी तुमचं ऐकते. आपली गाडी वॉरंटीतून कधीच बाहेर पडलीय.

दादा : मग शेवटचं बोलतो. याला तुमच्या फिजिक्समध्ये उत्तर नाही. या गावातल्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तेव्हा माणसं हातातल्या कसबावर जगली. कुणी माग घेतला, कुणी गॅरेज टाकलं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, त्यानंतर कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी. असा पोरगा तयार होतो आणि आपण त्याचं सगळ्यात सोपं, सगळ्यात नियमित काम घरी करून टाकतो. प्लग, ऑइल, फिल्टर ही गॅरेजची रोजी असते. मोठी कामं काय रोज येतात? नवी पेठ एकमेकांकडून घेऊन चालते. माझ्याकडून चादर तोच मिस्त्री नेतो.

वहिनी : याला खरंच उत्तर नाही. पण एक सांगू? त्या पोराला सगळ्यात जास्त त्रास कुणाचा होतो? ज्याला काही कळत नाही, त्या गिऱ्हाइकाचा. तो प्रत्येक बिलावर संशय घेतो, नाहीतर डोळे मिटून पैसे देतो. दोन्ही वेळा चांगल्या मिस्त्रीला आणि थातुरमातुर करणाऱ्याला एकच भाव मिळतो. मी एकदा स्वतः प्लग काढले, की मला कळेल, त्यानं विहिरीत हवा मारली का, आटा हातानं चढवला का, टॉर्क पाना वापरला का. जो हे करतो, त्याला चारशेच्या जागी पाचशे द्यायला माझी ना नाही. तुमच्याकडेही वीण ओळखणारं गिऱ्हाईक आलं, की तुम्हीच आतला गठ्ठा काढता की.

दादा : काढतो. घासाघीस कमी करतं ते.

वहिनी : मग झालं. रविवारी मी करते, तुम्ही शेजारी उभे राहा. पहिला प्लग बेताच्या जोरानं सैल झाला नाही, तर तिथेच हात काढायचा आणि मिस्त्रीला बोलवायचं, हा नियम तुम्ही घाला. विहिरीत ऑइल साठलेलं दिसलं, तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. ते कामही त्याचंच. माझ्याकडे फक्त चार प्लग.

दादा : आणि पुढच्या खेपेला मला जमणार नाही, मी गॅरेजलाच नेणार, तेव्हा?

वहिनी : खुशाल न्या. जुने चारही प्लग सिलिंडरच्या क्रमानं कागदात बांधून परत मागायचे. नव्यांचा नंबर खोक्यावर वाचून घ्यायचा. बाकड्यावर बसायचं नाही, बॉनेटपाशी उभं राहायचं.

दादा : तो म्हणेल, शेठ, विश्वास नाही का? इतक्या वर्षांत कधी जुने प्लग मागितले नाहीत.

वहिनी : म्हणावं, विश्वास आहे म्हणूनच विचारतोय. या चौघांत तुला काय दिसतं, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. जो काम थांबवून पाच मिनिटं समजावून सांगेल, त्याच्याकडे पुढची सगळी कामं द्या. मीसुद्धा देईन, प्लगांची धरून.